हेगचं संशोधन, खर्चाचं गणित आणि सेशन्स कोर्टातला अनुभव

एका वकिलाने पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी बाजूला चार वर्षं ज्युनिअरशिप झाली आहे. एलएल.बी. सोलापुरातूनच, एलएल.एम. नाही. इंग्रजी बऱ्यापैकी, फ्रेंच अजिबात नाही. घरी वडिलांचे चार यंत्रमाग आणि त्यांवर बँकेचं कर्ज. आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्याच्या संशोधनाची, खर्च भागेल अशी जागा कुठे मिळेल? आधी एलएल.एम. करावं का? आणि हेगच्या ‘प्लेसमेंट’साठी एक एजन्सी दीड लाख मागते आहे, ते भरावेत का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: एक रुपयाही भरू नका. वंशसंहार, युद्धगुन्हे अशा गुन्ह्यांसाठी व्यक्तींवर खटले चालवणारं, नेदरलँड्समधल्या हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय असो की संयुक्त राष्ट्रांची कुठलीही संस्था, अर्जाच्या, मुलाखतीच्या किंवा निवडीच्या कुठल्याच टप्प्यावर उमेदवाराकडून पैसे घेतले जात नाहीत. अशा एजन्सी विकतात ती बहुतेक वेळा सहल असते. न्यायालयाच्या प्रेक्षक सज्जात बसवतात, इमारतीसमोर फोटो काढतात आणि प्रमाणपत्र देतात. खुली सुनावणी त्या सज्जातून कुणालाही फुकट बघता येते आणि निवड समितीला त्या प्रमाणपत्राची किंमत चांगली ठाऊक असते.

आता मुख्य मुद्दा. जाहिरातीत ‘फंडेड’ शब्द दिसला की नजर रकमेवर जाते. ती आधी राष्ट्रीयत्वाच्या ओळीवर जायला हवी. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात दोन वाटा आहेत. नव्या पदवीधरांसाठी इंटर्नशिप आणि अनुभव असलेल्यांसाठी व्हिजिटिंग प्रोफेशनल. दोन्ही मुळात बिनपगारी. विकसनशील देशांतल्या उमेदवारांना खर्च देण्यासाठी न्यायालयाचा एक विश्वस्त निधी आहे, पण हे न्यायालय ज्या रोम कराराने उभं राहिलं त्याच्या सदस्य देशांच्या नागरिकांसाठी तो आहे. भारत सदस्य नाही. १७ जुलै १९९८ ला रोममध्ये मतदान झालं तेव्हा १२० देश बाजूने होते, ७ विरोधात आणि २१ तटस्थ. त्या तटस्थांत आपण होतो. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार आणि दहशतवाद व अण्वस्त्रवापर यांना गुन्ह्यांच्या यादीत जागा न मिळणं हे आपले आक्षेप होते. त्या भूमिकेचा परिणाम आज तुमच्या अर्जापर्यंत पोचतो. बांगलादेश २०१० मध्ये सदस्य झाला, म्हणून ढाक्याच्या वकिलाला त्या निधीतून अर्ज करता येतो आणि तुम्हाला येत नाही. बिनपगारी जागेसाठी मात्र भारतीय असणं आड येत नाही. न्यायालयात बिनपगारी काम केलेले भारतीय मुलगे-मुली मी पाहिले आहेत. बहुतेकांच्या मागे दिल्ली-मुंबईतल्या घरचा पैसा होता, हे स्पष्ट सांगायला हवं.

म्हणून माझा सल्ला असा, की जागा आणि पैसा एकाच दारात मिळतील ही अपेक्षा सोडा. जागा एका संस्थेकडून, खर्च दुसऱ्या संस्थेकडून, अशी जुळणी करावी लागते. हेगमध्ये साधी खोली सात-आठशे युरोंच्या खाली मिळणं कठीण. जेवण, विमा, ट्रॅम, विमानाचं तिकीट धरून सहा महिन्यांचा माझा अंदाज आठ लाख रुपयांच्या आसपास जातो. हा आकडा कागदावर मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका. मागांच्या कर्जावर आणखी एक कर्ज काढून बिनपगारी कामाला जावं, असं मी कुणालाच सांगणार नाही.

मग भारतीय नागरिकाला खर्चासकट उघडं असलेलं दार कुठलं? माझ्या मते पहिलं नाव आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं, म्हणजे हेगच्याच पीस पॅलेसमधल्या त्या जुन्या न्यायालयाचं. आपल्याकडे भलेभले वकील या दोन न्यायालयांत गल्लत करतात. इथे व्यक्तींवर खटला चालत नाही, देश देशाविरुद्ध येतो. पण वंशसंहाराचे मोठे वाद आज तिथेच आहेत. गाम्बियाने म्यानमारविरुद्ध नोव्हेंबर २०१९ मध्ये दाखल केलेला दावा हे ठळक उदाहरण. न्यायमूर्ती दलवीर भंडारी २०१२ पासून तिथे आहेत. या न्यायालयाची ज्युडिशिअल फेलोशिप आहे, साधारण सप्टेंबरपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत, एका न्यायाधीशाच्या हाताखाली. पूर्वी फेलोचा खर्च त्याच्या विद्यापीठाने उचलायचा असायचा. त्यामुळे श्रीमंत विद्यापीठांचीच मुलं दिसायची. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून विकसनशील देशांतल्या विद्यापीठांच्या उमेदवारांसाठी विश्वस्त निधी उभा केला. इथे रोम कराराचा प्रश्न येत नाही.

अडचण वेगळी आहे. नाव विद्यापीठाने पाठवायचं असतं, उमेदवाराने परस्पर अर्ज करायचा नसतो. म्हणजे तुमच्या बाबतीत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने. ‘आपल्याकडून कोण पाठवणार’ असं म्हणून बार रूममध्ये चहा पिण्यापेक्षा विधी महाविद्यालयाच्या प्राचार्यांचं पत्र जोडून कुलसचिवांकडे लेखी विनंती करा, तीही जाहिरात येण्याच्या कितीतरी आधी. विद्यापीठाच्या कार्यालयात कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला किती वेळ लागतो ते मी सोलापूरकराला काय सांगणार? जागा मोजक्या आहेत, जगभरातून नावं येतात, तेव्हा ही एकच आशा धरून बसू नका.

संयुक्त राष्ट्रांच्या विधी विभागाची इंटरनॅशनल लॉ फेलोशिप हेगमध्ये काही आठवड्यांची असते आणि आशिया-पॅसिफिकसाठी प्रादेशिक अभ्यासक्रम बँकॉकला होतो. विकसनशील देशांतून निवडलेल्यांचा प्रवास आणि राहणं त्यात भागतं. पण कल सरकारी वकील, अधिकारी आणि अध्यापक यांच्याकडे आहे आणि ते प्रशिक्षण आहे, संशोधनाचं काम नव्हे. रवांडा आणि युगोस्लाव्हियातल्या अत्याचारांसाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या न्यायाधिकरणांचं उरलेलं काम बघणारी यंत्रणा टांझानियातल्या अरुशात आणि हेगमध्ये आहे. तिथल्या इंटर्नशिपही बिनपगारी, आणि ती यंत्रणा आता काम आवरतं घेण्याच्या टप्प्यावर आहे. म्यानमारमधल्या गुन्ह्यांचे पुरावे गोळा करणारी संयुक्त राष्ट्रांची यंत्रणा जिनिव्हात २०१८ च्या ठरावाने उभी राहिली. तिच्या जाहिराती मात्र नियमित बघत राहा, कारण दक्षिण आशियातली माणसं, भाषा आणि कागदपत्रं समजणाऱ्याला तिथे खरंच उपयोग आहे.

देशातला पर्याय लोक कमी लेखतात. सर्वोच्च न्यायालय आणि मुंबई उच्च न्यायालय न्यायमूर्तींसाठी लॉ क्लर्क घेतात. मानधन मिळतं, काम शुद्ध संशोधनाचं आणि न्यायमूर्तींचं शिफारसपत्र पुढे कुठेही चालतं. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे उच्च न्यायालयाचं काम बघायला आता सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडून मुंबई गाठायची गरज उरली नाही. तुमच्या जागी मी असतो तर एक वर्ष लॉ क्लर्क म्हणून काढून मगच परदेशी अर्ज केला असता.

आता मला ज्यावर जास्त बोलायचं आहे त्याकडे येतो. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘माझ्याकडे फक्त सेशन्स कोर्टाचा अनुभव आहे.’ त्यातला ‘फक्त’ काढून टाका. या क्षेत्रात अर्ज करणाऱ्यांत मानवी हक्कांवर निबंध लिहिलेले शेकड्याने असतात, पण दोषारोपपत्राची चार बाडं समोर ठेवून कोणता साक्षीदार कोणत्या आरोपीला नेमका कुठे उभा करतो याचा तक्ता मांडणारे फार थोडे. संशोधनाचं रोजचं काम म्हणजे बहुतेक वेळा तेच. शेकडो जबाब, प्रत्येकात तारीख, जागा, युनिटचं नाव, आदेश देणारा कोण, आणि त्यातून गुन्ह्याचा एकेक घटक सिद्ध होतो का, याची जुळणी. सेशन्स ट्रायलच्या आर्ग्युमेंटसाठी तुम्ही रात्री बसून जे करता ते आणि हे, यांत फरक आकाराचा आहे.

कायद्याच्या अंगानेही पूल तयार आहे. भारतीय दंड संहितेचं कलम १४९, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम १९०, तुम्हाला पाठ असेल. बेकायदा जमावाचा समान उद्देश, आणि तो साधताना घडण्याचा संभव आहे हे जमावाला माहीत असलेला गुन्हा. युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाच्या अपील कक्षाने १५ जुलै १९९९ च्या टाडिच निकालात ‘जॉइंट क्रिमिनल एंटरप्राइज’चा जो तिसरा प्रकार मांडला तो याच्या फार जवळचा आहे. मूळ योजनेत नसलेला, पण तिचा स्वाभाविक आणि आधी दिसू शकणारा परिणाम असलेला गुन्हा, आणि तो धोका पत्करून सामील राहिलेला माणूस. युरोपातले विद्यार्थी ही कल्पना पुस्तकातून शिकतात. तुम्ही पोत्याने आरोपी असलेल्या मारामारीच्या केसमध्ये ती रोज बघता. मोठ्या जमावातल्या कोणाला दोषी धरायचं यासाठी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या मसलती निकालात दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांच्या सुसंगत जबाबाची कसोटी मान्य केली. सामूहिक गुन्ह्यांच्या पुराव्यावर विचार करणाऱ्या कुठल्याही संशोधकाने ती वाचावी अशी आहे, आणि परदेशात ती क्वचितच कुणाला माहीत असते.

फरकही ठाऊक हवा, नाहीतर मुलाखतीत अडकाल. हेगच्या फौजदारी न्यायालयाने टाडिचची वाट घेतलेली नाही. तिथे रोम कराराच्या कलम २५ खाली गुन्ह्यावरचं नियंत्रण बघतात. समान योजना होती का आणि आरोपीचा वाटा इतका आवश्यक होता का, की तो नसता तर गुन्हा त्या रीतीने घडलाच नसता. १४ मार्च २०१२ चा लुबांगा निकाल त्यासाठी मुळातून वाचा. मनोभावाच्या बाबतीत कलम ३० आणखी कडक आहे: परिणाम ओघाने घडेलच ही जाणीव लागते, घडू शकतो एवढं पुरत नाही. म्हणजे आपल्या १९० कलमाच्या ‘संभव’वर तिथे दोषसिद्धी टिकणार नाही. कमांडरच्या जबाबदारीसाठी कलम २८, आणि त्यावर ८ जून २०१८ ला अपिलात तीन विरुद्ध दोन मतांनी सुटलेल्या बेम्बा या काँगोतल्या सशस्त्र गटाच्या प्रमुखाचा निकाल. हा निकाल मला पटत नाही, पण सैन्यापासून दूर बसलेल्या सेनापतीने काय करणं शक्य होतं, हा प्रश्न पुराव्याच्या पातळीवर किती अवघड असतो ते त्यातून कळतं.

पुराव्याच्या नियमांत तर तुम्हाला आधी धक्काच बसेल. ऐकीव पुराव्याला तिथे सरसकट बंदी नाही. न्यायाधीश तो दाखल करून घेतात आणि वजन नंतर ठरवतात. आपल्याकडे जिथे ‘ऑब्जेक्शन’ म्हणून उठायचं, तिथे न्यायाधीश गप्प बसून शेवटी दोन परिच्छेदांत त्याची किंमत शून्य करतात. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी आपण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र मागतो. तिकडे मोबाइलवरचे व्हिडिओ, उपग्रहाची चित्रं, समाजमाध्यमांवरच्या नोंदी कशा शोधाव्यात आणि जपाव्यात यासाठी २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने बर्कली विद्यापीठासोबत तयार केलेला बर्कली प्रोटोकॉल वापरतात. पंचनाम्यातली मोहोर, लेबल आणि मुद्देमालाचा प्रवास यांवर ज्याने उलटतपास घेतला आहे, त्याला तो दस्तऐवज एका बैठकीत समजतो.

आणि साक्षीदाराला विचारलेला एखादा प्रश्न काय करू शकतो त्याचं उदाहरण अकायेसू खटल्यात आहे. रवांडाच्या त्या खटल्यात मूळ आरोपपत्रात लैंगिक अत्याचाराचा उल्लेखच नव्हता. साक्षींतून तो बाहेर आला, पीठावरच्या एकमेव महिला न्यायाधीश नवनीतम पिल्लई यांनी त्याचा पाठपुरावा केला, जून १९९७ मध्ये आरोपपत्रात दुरुस्ती झाली आणि २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात बलात्कार हा वंशसंहाराचा भाग ठरू शकतो असं प्रथमच म्हटलं गेलं. पिल्लई डर्बनच्या, तमिळ वंशाच्या, वडील बस चालवायचे.

हे सगळं लिखाणाच्या नमुन्यात यायला हवं, कारण निवड तिथेच होते. महाविद्यालयातला प्रकल्प किंवा ‘मानवी हक्क: एक चिंतन’ छापाचा लेख पाठवू नका. आठ-दहा पानांचा मेमो लिहा, प्रश्न एकच आणि अरुंद. ‘जमावाच्या गुन्ह्यात संभाव्य परिणामाची जाणीव: कलम १९०, टाडिच आणि कलम ३०’ हा विषय मी तुम्हाला आत्ताच देऊन टाकतो. दुसरा विषय घरचाच आहे. १७ डिसेंबर २०१८ ला दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ च्या शीखविरोधी दंगलींच्या सज्जन कुमार प्रकरणात लिहिलं, की मानवतेविरुद्धचे गुन्हे किंवा वंशसंहार आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत आणि ही पळवाट बुजवायला हवी. आपण वंशसंहारविरोधी करार १९५९ मध्ये मान्य केला, तरीही १ जुलै २०२४ ला आलेल्या न्याय संहितेत त्यासाठी कलम नाही. इकडे मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांवर स्वतंत्र करारासाठी २०२८ आणि २०२९ मध्ये परिषद घ्यायचं संयुक्त राष्ट्रांत ठरलं आहे. त्यात भारताने काय भूमिका घ्यावी, हे फौजदारी वकिलाच्या नजरेने लिहिणारे फार नाहीत.

मेमोत पहिल्या परिच्छेदात प्रश्न, दुसऱ्यात उत्तर, मग कारणं. विरुद्ध जाणारा निकाल लपवू नका, तो स्वतःच पुढे आणा. प्रत्येक विधानाला परिच्छेद क्रमांकासह आधार द्या; तिथे पान नव्हे, परिच्छेद लागतो. साहित्यासाठी पैसे लागत नाहीत. फौजदारी न्यायालयाचा लीगल टूल्स डेटाबेस फुकट आहे, रोम कराराच्या कलमवार भाष्यासाठी लेक्सिटस हे संकेतस्थळ आहे आणि व्याख्यानांसाठी संयुक्त राष्ट्रांची दृक्‌श्राव्य लायब्ररी.

एलएल.एम.बद्दल: जागेसाठी ते सक्तीचं नाही, पण पैशासाठी उपयोगी आहे. नुसत्या इंटर्नशिपला भारतात शिष्यवृत्ती देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पदवीला देणारे बरेच. चेव्हनिंग शिष्यवृत्ती ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासाचा पूर्ण खर्च देते आणि २,८०० तासांचा कामाचा अनुभव मागते. ज्युनिअरशिपला पगाराची पावती नसते, म्हणून सीनियरकडून तारखांसह लेखी दाखला घ्या. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी वेगळी योजना आहे. तुम्ही कोणत्या प्रवर्गात येता ते लिहिलेलं नाही. बसत असाल तर जातपडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका. जे. एन. टाटा एन्डॉवमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणाला मदत करते, पण ती कर्जाऊ आहे. लायडनसारख्या ठिकाणी प्रवेश मिळाला तर हेग रेल्वेने जवळ आहे आणि शिकता शिकता संशोधनाचं काम मिळण्याची शक्यता वाढते.

फ्रेंच शिका, पण त्यासाठी अर्ज थांबवू नका. न्यायालयाच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच, आणि बरीच कमी प्रतीची इंग्रजी तिथे निभावून जाते. मराठीबरोबर हिंदी, उर्दू, कन्नड, तेलुगू यांपैकी जे येत असेल ते प्रामाणिक पातळीसह लिहा. सोलापुरात वाढलेल्या माणसाला तीन-चार भाषा येतात आणि तो अर्जात दोनच लिहितो.

एक व्यावहारिक सावधगिरी. २०२५ मध्ये अमेरिकेने फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्यांवर आणि नंतर काही न्यायाधीशांवर निर्बंध घातले. तुमचा खर्च अमेरिकी संस्था उचलणार असेल, तर त्या न्यायालयातल्या कामाला तो पैसा चालतो का, हे त्यांच्याकडून लेखी घ्या.

शिफारसपत्रं दोन लागतील. एक अध्यापकांचं, एक सीनियरचं. सीनियर बहुधा ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणतील. लिहून न्या, पण त्यात ‘कष्टाळू आणि प्रामाणिक’ असं न घालता कोणत्या खटल्यात कोणता मुद्दा तुम्ही शोधलात ते घाला.

आणि निवड झाली तर विमानाचं तिकीट काढण्याआधी सनदेचं बघा. पूर्णवेळ पगारी नोकरी करताना वकिली चालू ठेवता येत नाही, हा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ४९. स्टायपेंडची फेलोशिप त्यात मोडते की नाही यावर बार रूममध्ये दहा मतं मिळतील. ती ऐकू नका. नियुक्तीपत्राची प्रत जोडून बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. चालू खटल्यांतलं तुमच्या नावाचं प्रत्येक वकीलपत्र पक्षकाराला सांगून रीतसर दुसऱ्याकडे द्या. साक्षीपुराव्याला लागलेली सेशन्स केस अर्ध्यावर सोडून जाणार असाल, तर निघण्याची तारीख पुढे घेण्याची विनंती करून बघा. अशी विनंती नेहमीची असते आणि अनेकदा मान्यही होते.